तीजाबाईची टिचकारी

गिऱ्हाइकानं 'नाही' म्हणावं म्हणून धडपडणारा दुकानदार तुम्ही पाहिला नसेल. म्हसावदच्या लोकांनी पाहिला होता. बाजारपेठेत जेठमल माणकचंद नावाचा एक कापडवाला होता. लुगड्याची घडी उलगडायचा, समोरच्या बाईनं मान डोलावली की घडी तशीच हातात धरून बसायचा आणि विचारायचा, "खरंच पसंद शे ना बैन? का मन्हं मन राखाले हा म्हनी ऱ्हायनी? नही व्हई ते नही सांग." बाई म्हणायची, पसंत शे शेठ. तरी हा पुन्हा विचारायचा. शेवटी ती वैतागून उठायची आणि समोरच्या दुकानातून तेच लुगडं घेऊन घरी जायची.

पेठेत त्याची टिंगल व्हायची. मारवाड्याच्या पोटी जन्माला येऊन धंद्याचं असं वाटोळं करणारा हाच एक, असं त्याच्या जातीचे लोकही म्हणायचे. म्हणू देत बापडे. कुणाच्या पायात कुठे काटा मोडला आहे हे पेठेला कधीच कळत नाही. ही खोड जेठमलला जन्मापासून नव्हती. ती त्याला बायकोपायी लागली, आणि बायकोपायी म्हणण्यापेक्षा एका यंत्रापायी लागली.

त्याची बायको तीजाबाई दोंडाईच्याची. लग्न होऊन आली तेव्हा कोवळं वय, हातभर घुंघट आणि खाली नजर. जेठमलच्या घरी जुना रिवाज कडक होता. सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही, सासूपुढेही शब्द काढायचा नाही. काही विचारलं तर जिभेनं टाळूवर टिचकारी वाजवायची. एक टिचकारी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आणि नवऱ्यानं वडीलधाऱ्यांच्या देखत बायकोशी बोलायचं नाही, मग दिवस असो की सण असो. रिवाज कुणी घातला आणि कशासाठी घातला, हे विचारायची सोय नव्हती. विचारायला तोंड लागतं, आणि ज्यांना विचारायचं होतं त्यांची तोंडं तर रिवाजानंच शिवली होती.

सासू हीराबाई सुनेवर बेहद्द खूश. शेजारणीपुढे सांगायची, "बींदणी तो म्हारी गऊ है, मूंडै सूं सबद कोनी काढै." सून म्हणजे गाय, तोंडातून शब्द काढत नाही. आणि खरंच, तीजाबाईची दुसरी टिचकारी त्या घरात कुणी ऐकली नव्हती. पाणी भरलं? एक टिचकारी. ताक घुसळलं? एक टिचकारी. बरं वाटतं ना? एक टिचकारी.

म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याशी. पाऊसकाळ सरला की गावात घरोघर हिवताप. एका साली तीजाबाईला असा ताप भरला की आठवडे गेले तरी उतरेना. तिला कोयनेल, म्हणजे क्विनीन, दिलं, ताप हटेना म्हणून आणखी दिलं, आणि मग कुणी सांगेल तसं दिलं. ताप गेला. त्या दिवसांत एकदा ओसरीवर कुणी नाही असं पाहून ती जेठमलला हळूच म्हणाली होती, "कान में सूं-सूं होवै." तो म्हणाला, कोयनेलानं होतं, जाईल. एवढं बोलून तो दुकानात गेला. आपलं हे एक वाक्य त्याला पुढे आयुष्यभर चावत राहिलं.

कानातलं सूं-सूं गेलं नाही. त्याच्या आडून हळूहळू बाकीचे आवाज मात्र जात राहिले. आणि घरात कुणाला पत्ता लागला नाही! कसा लागणार? बोलायचं नाही अशाच घरात ती नांदत होती. सासूचा हात कुणीकडे वळला, पायाचा अंगठा कुणीकडे दाखवतो, सासऱ्यांच्या काठीचं टोक कुठे टेकलं, हे घुंघटाच्या आतून ती पाहायची आणि त्यावरून काम ओळखायची. सकाळ झाली म्हणजे पाणीच मागणार, दुपार झाली म्हणजे धान्यच निवडायला सांगणार. चुकलं तर हीराबाई वेंधळी म्हणायची. घरातला माणूस बहिरा होत चालला होता आणि घर त्याला गुण समजत होतं.

कळलं ते सोहनमुळे. सोहन म्हणजे तीजाबाईची मुलगी, तेव्हा पाळण्यात होती. हीराबाई देवळातून परत आली तर पोर रडून रडून निळी पडलेली, आणि पाळण्याकडे पाठ करून तीजाबाई सुपात डाळ निवडत बसलेली. हीराबाईला वाटलं, ही आई आहे की कोण आहे! तिनं दारातून हाक मारली, मग ओरडली, मग पुढे होऊन सुनेचा खांदा धरून गदगदा हलवला. तीजाबाई दचकली. सासूचा चेहरा पाहिला, काहीतरी विचारलं असावं असं समजून ओशाळवाणं हसली आणि एक टिचकारी दिली.

धुळ्याच्या डॉक्टरनं कानात नळी घालून पाहिलं. पडदे ठीक आहेत म्हणाला, आतली नस गेली. थोडी शिल्लक आहे, ती किती दिवस टिकेल सांगता येत नाही. जेठमलनं विचारलं, औषध? डॉक्टरनं हात धुतले आणि पुढच्या रोग्याला बोलावलं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत जेठमलनं नेहमीप्रमाणे कापडाचं दुकान लावलं होतं. घोड्यांचा बाजार एकीकडे, पाळणे एकीकडे आणि मधे फिरत्या सिनेमाचा तंबू. तंबूच्या बाहेर बांबूला पत्र्याचा भोंगा बांधलेला, आणि त्यातून गाणं असं ओरडत होतं की घोडी बिचकत होती. हीराबाई सुनेला आणि नातीला घेऊन यात्रा पाहायला आली होती. तिघी तंबूजवळून चालल्या असताना जेठमलनं दुकानातून पाहिलं. तीजाबाई थांबली. तिनं घुंघटासकट मान वर केली आणि भोंग्याकडे वळवली.

जेठमल तसाच उठला. दुकान शेजाऱ्यावर सोपवून तंबूच्या मागच्या बाजूला गेला. तिथे खोक्यावर बसून जालमसिंग गिरासे विडी ओढत होता. सिनेमाचं आवाजाचं मशीन त्याच्या ताब्यात. माणूस बढाईखोर, पण हातचं राखणारा नाही. जेठमलनं त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, असं मशीन घरात होईल का? भोंग्याच्या जागी कानाला लावायचं काही?

"व्हई," जालमसिंग म्हणाला. "पन पहिले समजी ले. लोके म्हनतस मशीन आवाज मोठा करस. खोटं शे ते. ताकद बठ्ठी बॅटरीनी. पाटनी फळी देखेल शे ना तू? फळी वर-खाले कराले लहान पोर बी चालस. पानी येस ते नदीनं. आवाज ते फक्त फळी हलावस."

जेठमलनं मान डोलावली. नदीचं पाणी शेतात नेणारे पाट त्याला ठाऊक होते.

"तेन्हामुळे दोन गोष्टी ध्यानमा ठेव," जालमसिंग पुढे म्हणाला. "नदीमा पानी शे तेन्हाथून जास्ती पाटमा येनार नही. आन् फळीच नही हालनी ते काहीच येनार नही. आत शून्य गया, ते बाहेर शून्यच."

त्या यात्रेत जेठमल कापड विकायचं विसरला. घरी आला तो डोक्यात व्हॉल्व्ह, म्हणजे मशीनमधले काचेचे दिवे, घेऊनच. पुढचं वर्षभर मुंबईचा माल आणायला गेला की कापडाच्या गठ्ठ्यात काचेचे दिवे, तारा, डाख लावायची कांडी असलं काहीबाही यायचं. म्हातारे वडील माणकचंद कपाळावर हात मारायचे, पण आडवे आले नाहीत. हीराबाईनं तर शेजारणीला सांगितलं की आमचा जेठू बायकोसाठी कानाचं यंत्र करतो आहे. त्यात कौतुक होतं आणि थोडी लाजही होती.

जालमसिंग तंबूबरोबर या बाजूला आला की म्हसावदला मुक्काम करायचा आणि जेठमलनं केलेलं सगळं उसवून पुन्हा जोडायचा. पहिल्यांदा मशीन चालू केलं तेव्हा त्यातून अशी किंकाळी निघाली की गल्लीतली कुत्री भुंकली. जालमसिंग पोट धरून हसला. मग त्यानं दाखवलं. कानाला लावायच्या डब्यांतला आवाज माईकमध्ये शिरत होता, मोठा होऊन पुन्हा डब्यात येत होता, तिथून पुन्हा माईकमध्ये. मशीन आपलंच बोलणं ऐकून आपल्यालाच 'वा वा' म्हणत सुटलं होतं. त्यानं माईक दूर ठेवायला लावला आणि मग एक बारीक तार शेवटच्या व्हॉल्व्हकडून मागे आणून पहिल्याच्या पायाशी जोडली.

आवाज एकदम बसला. जेठमलला वाईट वाटलं. म्हणाला, "भाऊ, इतली मेहनत करीसन वाढाडा, आन् तू कमी करी टाका?"

"हाई तार तुले वाया वाटी," जालमसिंग म्हणाला. "पन हाई तार मशीनले नही म्हनस. बाहेर जे पडस तेन्हामातून चिमटीभर उलटं करीसन परत आत टाकस. मशीन जठे बहकनं, तठे हाई तेले मांगे वढस. आवाज कमी व्हई, पन खरा ऱ्हाई. घरमा नही म्हननारं एक मानूस लागस, शेठ. नही ते मशीन आन् मानूस दोन्ही सारखंच आरडतस."

दोघेही हसले. जेठमल तर जास्तच हसला.

मग तो दिवस आला. मागच्या खोलीत टेबलावर मशीन, टेबलाखाली लाकडी पेटीत ॲसिडची बॅटरी. ॲसिड उडून सोहनला भाजू नये म्हणून पेटीला झाकण. तीजाबाई समोर पाटावर बसली. जेठमलनं डबे तिच्या कानांवर बसवले, घुंघट त्यांवरून पुन्हा ओढून घेतला आणि सोहनला उचलून माईकपुढे धरलं. तोवर पोर बोलायला लागली होती. तिला आईला हाक मारायला सांगितलं; त्या घरात आईला 'बाई'च म्हणायचे. ती म्हणाली, "बाई."

तीजाबाई दगडासारखी बसून राहिली. सोहन पुन्हा म्हणाली, "बाई." आणि तीजाबाईनं दोन्ही हातांनी डबे कानांवर दाबून धरले आणि सासूसमोर, सासऱ्यांच्या देखत, मोठ्यानं बोलली, "सोहन बोली!" बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. ते शब्द रस्त्यापर्यंत गेले. माणकचंद ओसरीवरून उठून अंगणात निघून गेले, रिवाज मोडलेला पाहायला नको म्हणून, आणि अंगणात जाऊन त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. जेठमलला त्या दिवशी वाटलं, आपण जगात काहीतरी करून दाखवलं.

सुखाचे दिवस असे की मोजायलाही सुचत नाही. रोज दुपारी दुकान बंद करून तो घरी यायचा, तीजाबाई समोर बसायची, सोहन माईकमध्ये बडबडायची. कधी जेठमल स्वतः बोलायचा. यंत्र तपासायचं आहे या सबबीखाली नवरा-बायकोला दिवसाउजेडी बोलता येऊ लागलं होतं. आज भाव काय, शहाद्याला कोण भेटलं, असलं काहीही. शेवटी विचारायचा, "सुणीजै?" ऐकू येतं ना? आणि घुंघटाच्या आतून एक टिचकारी यायची. बॅटरी उतरली की उदेसिंग गाडीवान ती शहाद्याला घेऊन जायचा. तिथल्या कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनच्या इंजिनावर ती भरून मिळायची.

पण शिल्लक नस डॉक्टर म्हणाला तशीच निघाली. जेठमलनं बटण थोडं पुढे फिरवलं. काही महिन्यांनी आणखी थोडं. लढाई पेटली, व्हॉल्व्ह मिळेनासे झाले, जालमसिंगचा तंबू गुजरातेत गेला तो परत आलाच नाही. त्याच काळात माणकचंद गेले. आणि एके दुपारी बटण पार शेवटाला टेकलेलं असताना सोहननं हाक मारली, जेठमलनं विचारलं, "सुणीजै?" आणि तीजाबाईनं दोन टिचकाऱ्या दिल्या.

त्या घरात तिनं दिलेलं पहिलं 'नाही'. जेठमलला क्षणभर कळलंच नाही. मग त्याचा चेहरा उतरला. मशीन उघडून बसला, दुकान उघडायला गेला नाही, जेवायला उठला नाही. हीराबाईनं वाढलेलं ताट परत नेलं आणि जाताजाता सुनेपुढे उभी राहून मुलाकडे बोट दाखवलं, ताटाकडे दाखवलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. तुझ्यापायी माझा मुलगा उपाशी बसला आहे, याचा अर्थ समजायला कान लागत नाहीत. तीजाबाई भिंतीला लागून उभी होती. घुंघटाच्या आतून तिनं सगळं पाहिलं.

जेठमलपुढे आता एकच वाट होती. जालमसिंगची ती मागे आणलेली तार. ती काढली तर आवाज दुपटीनं वाढेल हे त्याला ठाऊक होतं. खरेपणा जाईल हेही ठाऊक होतं. त्यानं कांडी तापवली आणि तार सोडवली.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं तर डब्यांतला आवाज खोलीभर ऐकू येत होता. सोहनची हाक फाटून, खरखरत बाहेर पडत होती. त्यानं घाबरतच विचारलं, "सुणीजै?" एक टिचकारी आली. पुन्हा विचारलं. एक टिचकारी. जेठमलनं आईला हाक मारून सांगितलं, जमलं म्हणून, आणि पोटभर जेवला. तीजाबाईनं त्याला वाढलं. ताट रिकामं होईपर्यंत ती जवळून हलली नाही, आणि ती आनंदानं थांबली आहे असं त्याला वाटलं.

माणसाला जे हवं असतं तेच त्याला दिसतं. यानंतर किती खुणा डोळ्यांपुढून गेल्या! माईक जरा जवळ सरकला की मशीन किंचाळायचं, जेठमल स्वतः कान झाकायचा, सोहन पळून जायची, आणि तीजाबाई पापणीही न हलवता बसून राहायची. तो म्हणायचा, बिचारी सोसते. सोहन आता लांबलचक गोष्टी सांगायची आणि मधेच खट्याळपणानं काहीतरी वेडंवाकडं बोलायची, तेव्हा तीजाबाई हसायची नाही. तो म्हणायचा, सासूच्या देखत हसणार कशी. ती कानांकडे नव्हे तर त्याच्या ओठांकडे पाहत असायची, ओठ थांबले की टिचकारी द्यायची. त्याला वाटायचं, किती लक्ष देऊन ऐकते.

एकदा पेठेत कुणीतरी विचारलं, शेठ, बाईंना ऐकू येतं म्हणे तुमच्या मशीननं? जेठमल म्हणाला, "येस ना. रोज इचारस मी. कधी नही म्हनत नही." हे त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. सांगताना त्याला जालमसिंगची आठवण झाली नाही.

कापसाचे दिवस होते. जेठमल ब्राह्मणपुरीला नात्यातल्या लग्नाला गेला, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी परतला. लग्नघरातली जिलेबी फडक्यात बांधून आणली होती. सोहन शेजारी खेळायला गेलेली. हीराबाई ओसरीवर माळ ओढत होती. रोजची वेळ टळू नये म्हणून तो हातपाय धुऊन तडक मागच्या खोलीत गेला. तीजाबाई पाटावर येऊन बसली. त्यानं तिच्या कानांवर डबे चढवले, बटण शेवटाला फिरवलं आणि माईक हातात घेतला.

त्या दिवशी तो फार बोलला. लग्नाच्या गर्दीत त्याला तिची आठवण आली होती. नवरी दोंडाईच्याची होती, तीजाबाईसारखीच खाली मान घालून बसलेली. त्यानं तेही सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाला, तेव्हा तू कानात सूं-सूं होतं म्हणाली होतीस, मी ऐकलं नाही. ते माझ्या मनातून जात नाही. तू मला माफ केलंस का? एवढ्या वर्षांत हे विचारायचा धीर त्याला झाला नव्हता. माईकवर तोंड ठेवून विचारणं सोपं गेलं.

तीजाबाईनं एक टिचकारी दिली.

जेठमलनं माईक दोन्ही हातांनी धरला. त्यानं पुन्हा विचारलं, "सुणीजै? सगळं ऐकलंस ना?" एक टिचकारी.

तेवढ्यात अंगणात गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला आणि उदेसिंग दारात उभा राहिला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. धापा टाकत त्यानं ते उंबऱ्यावर उतरवलं.

"बॅटरी भरीसन लई उनू, शेठ," तो म्हणाला. "काल कापूस लई जिनवर गयथू, तधळच बॅटरी बी लई गयथू. तुम्ही गावमा नव्हतात. आईले सांगेल व्हतं."

ओसरीवरून हीराबाई माळ न थांबवता म्हणाली की हो, सांगितलं होतं, मीच विसरले.

जेठमलनं उंबऱ्यावरच्या बॅटरीकडे पाहिलं. मग टेबलाखाली वाकून पेटीचं झाकण उचललं. पेटी रिकामी होती. दोन तारांची टोकं ॲसिडनं हिरवी झालेली, आत नुसती पडली होती. त्यानं मशीनच्या मागे हाताचा आडोसा करून व्हॉल्व्हमध्ये डोकावलं. रोज लाल दिसणारी काच काळी. हात लावून पाहिला, थंडगार. मशीनमध्ये काल सकाळपासून जीव नव्हता. एवढा वेळ ते खरखरलं नाही की किंचाळलं नाही, आणि बोलण्याच्या भरात ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तो तसाच जमिनीवर बसला. आत शून्य गेलं तर बाहेर शून्य, असं जालमसिंग म्हणाला होता. मग ही टिचकारी कुठून आली? आणि आजची खोटी, तर कालची? त्याच्या आधीची? तार सोडवल्याच्या दुसऱ्या दिवशीची? तो मागे मागे जाऊ लागला आणि कुठेच थांबता येईना. सोहनच्या सगळ्या गोष्टी, रोजची बोलणी, बाजारभाव, हसवायला सांगितलेले किस्से, सगळं तो एका बंद दारापुढे उभा राहून बोलला होता, आणि दारामागून कुणीतरी त्याची समजूत घालत होतं. तिला 'नाही' म्हणता येत होतं. एकदाच म्हणाली होती. त्या एका 'नाही'चं त्यानं काय केलं, हे त्याला आता पूर्ण आठवलं.

तीजाबाईनंही दाराकडे पाहिलं होतं. उंबऱ्यावरची बॅटरी तिला दिसली, टेबलाखालची उघडी पेटी दिसली. कानांवरचे डबे काढायचंही तिला सुचलं नाही. ती पाटावर आणखी अंग चोरून बसली.

जेठमल उठला. उदेसिंग दारात होता, आई ओसरीवरून पाहत होती, आणि उजेड लख्ख होता. त्यानं पुढे होऊन बायकोचा घुंघट कपाळावर सारला. भर दिवसा, सगळ्यांसमोर. हीराबाईची माळ थांबली. इतक्या वर्षांत तीजाबाईचा चेहरा त्यानं दुपारच्या उजेडात नीट पाहिलाच नव्हता. डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि तिची नजर त्याच्या ओठांवर खिळली होती.

"कद सूं?" त्यानं विचारलं. केव्हापासून? ओठ सावकाश हलवून पुन्हा विचारलं, "कद सूं, तीजा?"

तिनं त्याच्या ओठांकडे नीट लक्ष देऊन पाहिलं. ते थांबेपर्यंत वाट पाहिली. मग त्याचा चेहरा आणखी उतरू नये म्हणून, घाईनं, एक टिचकारी दिली.